पाठीमागे चिकटवलेलं लाटणं

आईचं लाटणं मी मोडलं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर लिहिता लिहिता मी स्वतःला थोडा बरा माणूस करून घेईन.

मुलुंडच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनला खेटून माझी छोटी लेथ आहे. तिच्यावर लाकूड गरगर फिरतं आणि मी पटाशी टेकवून त्याला आकार देतो. पेनस्टँड, वाडगे वगैरे करतो. बायको त्यांना ‘तुझी ती भांडी’ म्हणते आणि पाहुणे येणार असले की कपाटात ठेवते.

आईचं लाटणं शिसवी, तिच्या सासूने दिलेलं. गावाहून येताना ती तेच एक घेऊन आली होती. एका टोकाला त्याचा टवका उडाला होता. आईच्या पंचाहत्तरीच्या आधी ते गुळगुळीत करून तिला चकित करावं, असं मला वाटलं. गुरुवारी ती भजनाला गेली आणि मी लाटणं लेथवर चढवलं. पटाशी जरा जास्त रुतली. लाटणं सुटलं, वॉशिंग मशीनवर आदळलं आणि बरोबर मधोमध तिरकं मोडलं.

मी चपला घालून हार्डवेअरच्या दुकानात पळालो. दुकानदाराने इपॉक्सी गोंदाचे दोन प्रकार पुढे ठेवले.

“रातभरवाला पक्का बैठता है. जल्दी है तो पाँच मिनटवाला लो. पर हिलाना मत हां, सेठ.”

भजन संपायला अर्धा तास होता. मी पाच मिनिटंवाला घेतला.

या गोंदाच्या दोन नळ्या असतात. दोन्हींतला गोंद सारखा घेऊन कालवला की तो घट्ट होऊ लागतो. त्यात मी शिसवाचा भुसा घातला, म्हणजे सांधा काळा दिसावा. फसवणुकीतही मी रंग जुळवत होतो. दोन्ही तुकडे सरळ रेषेत आणून दाबले आणि तेवढ्यात लॅचमध्ये किल्ली फिरली. पेटीवाली आलीच नव्हती, म्हणून भजन लवकर आटोपलं होतं.

मी लाटण्यासकट दोन्ही हात पाठीमागे नेले.

“काय रे, हात मागे का?” आईने विचारलं.

“पाठ दुखतेय.”

“थांब, तेल चोळते.”

“नको! असं धरलं की बरं वाटतं.”

“गोंदाचा वास येतोय. परत काहीतरी चिकटवलंस वाटतं?”

“हो. म्हणजे, नाही.”

ती समोर बसली आणि पेटीवालीच्या सुनेची हकीकत सांगू लागली. ती सून कशी आहे ते मला आजही तपशीलवार सांगता येईल. मागे माझ्या हातांत गोंद आधी गरम झाला, मग घट्ट. हकीकत संपल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन पाहिलं, तर लाटणं जोडलं गेलं होतं आणि अंगठेही त्यालाच चिकटले होते. सोडवताना त्यांची सालं निघाली. वर पॉलिश पेपर मारला. सांधा दिसेना. मला चक्क अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी जेवताना आई चपातीकडे बघत राहिली. एका बाजूला जाड, एका बाजूला फाटायला आलेली. तिसऱ्या दिवशी चपातीला शेपूट आलं. आमच्या बिल्डिंगमधल्या दोन सुना आईकडे चपात्या शिकून गेल्या आहेत. तिने ती शेपटाची चपाती घडी घालून स्वतःच्या ताटाखाली सरकवली. मी ते पाहिलं आणि भाजी मागितली.

चौथ्या दिवशी तिने बायकोला हाक मारली. “आजपासून तूच लाट गं. माझे हात गेले आता.”

तिने हे अगदी साधं, गॅस संपला म्हणून सांगावं तसं सांगितलं. मग ती कॅल्शियमच्या गोळ्या घेऊ लागली. टीव्ही बघताना मनगटं फिरवून बघायची. हाडांच्या डॉक्टरांची शनिवारची अकराची वेळही तिने फोन करून घेतली. त्यात मी इपॉक्सीच्या खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली, ‘खाद्यपदार्थांपासून दूर ठेवा’. तरीही गप्प राहिलो. फक्त आईचं लाटणं फडताळात मागे लपवलं; बायको तिच्या स्वतःच्या लाटण्याने लाटत होती.

शुक्रवारी बायकोने ते हुडकून काढलं आणि ओट्यावर सोडलं. ते टक्-टक्, टक्-टक् करत लंगडत गेलं.

“हे वाकडं आहे,” ती म्हणाली. “आणि तुझ्या अंगठ्यांना सालं नाहीत. तू सांगतोस की मी सांगू?”

शनिवारी सकाळी आई बाहेर जायची साडी नेसून तयार झाली, तेव्हा मी तिला ओट्यापाशी नेलं आणि लाटणं सोडलं. टक्-टक्, टक्-टक्. मग सगळं सांगितलं. पाठीमागे धरलेले हात, भुसा, खोक्यावरची अक्षरं, सगळं. तिने लाटणं उचललं आणि स्वतः तीनदा सोडून पाहिलं. मग सुनेचं लाटणं घेतलं, डब्यातल्या कणकेचा गोळा तोडला आणि बाहेरच्या साडीवरच चपाती लाटली. ती चंद्रासारखी गोल झाली. दोन्ही हातांवर धरून तिने ती माझ्या नाकासमोर आणली.

“म्हंजे माझे हात बरे असत?”

आई मालवणीवर येते ती एकतर फार खूश झाली की, नाहीतर फार रागावली की. त्या क्षणी मला फरक कळला नाही. पुढच्या वाक्याला कळला.

“मेल्या, आठ दिस मी माझ्या हातांक दोष दिलंय! आणि तू समोर बसान चपाती गिळलंस!”

“चुकलो, आई. डॉक्टरांना फोन करून नको सांगतो.”

“कित्याक? पाठ दुखता ना तुझी? चल.”

मी गेलो. ती शेजारच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली होती. कुठे दुखतंय, असं डॉक्टरांनी विचारलं. मी आईकडे पाहिलं आणि लाटण्यापासून सुरुवात केली.