न पळणारा फरारी

"मी पळत नाय, शेट."

हे वाक्य तो पाण्याचा भरलेला ग्लास ठेवावा तसं ठेवायचा. आवाज न करता, पण पुन्हा उचलायचं नाही अशा बेताने. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी त्याच्या अंगावर ओरडत होतो. इकडे आखातात, वादी कबीरमध्ये माझं एसी दुरुस्तीचं दुकान. गल्लीच्या तोंडाशी तपासणीची पांढरी गाडी वळली होती आणि बिनकागदांची सगळी माणसं टाक्यांमागे, छपरांवर, टायरांच्या ढिगात गडप झाली होती. माझा मिस्त्री मात्र हात पुसत उभा.

"अरे गाढवा, पळ! मागच्या दाराने!"

"मी पळत नाय."

त्याने माझी प्लास्टिकची खुर्ची उचलली, सावकाश रस्ता ओलांडला आणि समोरच्या घाफच्या झाडाखाली ती मांडून बसला. गाडी त्याच्यासमोरून गेली. पळणाऱ्यांना शोधायला आलेल्यांनी बसलेल्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"दुकानात सापडलो तर दंड तुमाला," खुर्ची जागेवर ठेवत तो म्हणाला. "झाडाखाली सापडलो तर एकटा मी."

तुम्ही आखातात राहिला असाल, तर असे फरारी तुम्हीही पाहिले असतील. हा राजापूरकडचा. सहम गावातल्या एका अर्बाबकडे, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा त्या मालकाकडे, कामाला होता. अर्बाबने धंदा गुंडाळला. माणसाला रीतसर परत पाठवायचं म्हणजे तिकीट आलं, खेपा आल्या. त्यापेक्षा 'पळून गेला' अशी तक्रार सोपी. ही तक्रार नोंदवली जात होती तेव्हा आमचा फरारी अर्बाबच्याच गच्चीवर त्याच्या बेडरूमचा एसी दुरुस्त करत होता. घरातून वर चहाही आला होता.

हे कळल्या दिवसापासून त्याने पळणं सोडलं. एकदा जरी कुणी आपल्याला पळताना पाहिलं तर अर्बाबचं म्हणणं खरं ठरेल, असा त्याचा हिशेब. बस सुटली तरी हा चालतच. एकदा गच्चीवरची टाकी फुटली, सगळे जिन्यावरून धावत सुटले; हा वरमाईसारखा एकेक पायरी उतरत आला. पाणीसुद्धा त्याला मागे टाकून गेलं.

मग सवलतीचे दिवस आले. बिनकागदांच्या माणसांनी यावं, फरार होतो असं कबूल करावं आणि दंड न भरता घरी जावं.

"जा," मी म्हणालो. "मान हलवायची, विमानात बसायचं. इतका स्वस्त सौदा मी जन्मात पाहिला नाही."

"पळालो म्हणून मान हलवायची?"

"हो."

"मग नाय."

माझं डोकं फिरलं. शून्यातून दुकान उभं केलेला माणूस मी. कॉम्प्रेसरपासून कोथिंबिरीपर्यंत प्रत्येक गोष्टीचा भाव पाडलाय. ह्याचा मात्र पडेना.

"अरे, म्हातारी वाट बघतेय ना घरी?"

"बघतेय. पळपुट्याची नाय बघत."

हे खूळ त्याच्या एकट्यापुरतं राहिलं असतं तर चाललं असतं. पण समोरचा तमिळ वेल्डर, कोपऱ्यावरचा बंगाली रंगारी, त्यांच्या दोस्तमंडळींपैकी बरेचजण, सगळ्यांच्या अर्बाबांनी तीच युक्ती केलेली. जमाव करायला इथे मनाई. मिस्त्रीने तोडगा काढला: ज्याने त्याने आपापल्या सावलीत बसायचं, लांब लांब. घोषणा नाही, फलक नाही. फक्त पळायचं नाही.

पुढच्या वेळी गाडी आली आणि गल्लीत कोणी हललं नाही. आंघोळ करून, इस्त्रीचे शर्ट घालून, बॅगा पायाशी ठेवून माणसं बसलेली. तपासणीवाले गांगरले. बिचारे पाठलागाचे बूट घालून आले होते. एका तरुण अधिकाऱ्याने मिस्त्रीला विचारलं, "तुम भागता क्यों नहीं?"

"तब नहीं भागा, साब. अब क्यों भागूँ?"

गाडीत जागा मोजकी. एरवी निम्मे निसटतात, तो अंदाज धरूनच ती आणलेली. "इथेच थांबा, मोठी बस आणतो," असं सांगून ते गेले. आणि फरारी थांबले! वेल्डरने तेवढ्यात सगळ्यांना चहा पाजला. बस आल्यावर मिस्त्री माझी खुर्चीही सोबत घेऊन चढला; उन्हात राहिली तर तडकेल म्हणे.

खुर्ची आणायची म्हणून मी कचेरीत गेलो. तिथे वेगळाच घोळ. पकडून आणलेल्यांची एक खिडकी, स्वतःहून आलेल्यांची दुसरी. हे लोक कुठल्याच खिडकीत बसेनात. शेवटी पिकल्या दाढीचा एक साहेब वैतागून एकेकाच्या अर्बाबला फोन लावायला लागला. "तुझा पळालेला माणूस इथे बसलाय. उठत नाही. ये."

बाकीच्यांचे अर्बाब फिरकले नाहीत. ती माणसं शेवटी 'पळालेले' म्हणूनच परत गेली, सगळ्यांना चहा पाजणारा वेल्डरसुद्धा. सहमचा अर्बाब तेवढा आला, अत्तराचा घमघमाट सोडत. मिस्त्रीने उठून सलाम केला.

"अर्बाब, एसी ठंडा करता है ना?"

अर्बाब फरशीकडे बघत पुटपुटला, चूक झाली. कारकुनाने एक बटण दाबलं, तक्रार पुसली गेली. खलास.

"एवढंच होतं?" मिस्त्रीने मला विचारलं. मी माझी खुर्ची उचलली.

व्हिसा संपलेला, त्यामुळे जायचं तर होतंच. पण आता चारचौघांसारखं, साध्या प्रवाशांच्या दाराने. ऐन जूनमध्ये मला वाऱ्यावर सोडून गेला, त्याचा राग माझ्या मनात अजून आहे. नवा मेकॅनिक ठेवलाय. त्याचे कागद चोख, तरी पांढरी टॅक्सी दिसली की टाकीमागे!

विमानतळावर सोडायला मीच गेलो. वाटेत म्हातारीसाठी हलवा घ्यायला थांबलो आणि दुकानदार भावावर अडून बसला. उशीर झाला तो त्याच्यामुळे. मी आजही तेच म्हणतो. पोचलो तेव्हा काउंटर बंद करत असलेली मुलगी ओरडली, "अंकल, जल्दी! भागो!"

मी कपाळावर हात मारला. आता ही वरमाई निघणार आणि विमान जाणार.

त्याने माझ्याकडे पाहिलं. हलव्याचा डबा काखेत घट्ट धरला आणि पळाला. सवय मोडलेल्या माणसासारखा, कोपरं बाहेर काढून, निसटलेली चप्पल हातात घेऊन. मी मागून सगळ्या विमानतळाला ऐकू जाईल असा ओरडत होतो, "पळ, मिस्त्री, पळ!"

इतक्या वर्षांत तेवढं एकदाच त्याने माझं ऐकलं.