एकटीचं हसू

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईलाही नाही. तुम्हाला सांगून टाकते — तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं.

कळमनुरीत आमचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्ट — पोट त्यावर. जीव मात्र दुसऱ्याच फोटोंत. एसटीच्या धुळकट काचेवर कुणी बोटानं काढलेलं घर, बाजार उठल्यावर मागं राहिलेली एकच चप्पल. मग कॉम्प्युटरवर बसायचं, इथं उजेड वाढवायचा, तिथं सावली गडद करायची. रोजचंच, पण बघणारा थांबलाच पाहिजे! मला त्याचा माज होता — होताच.

माझं माहेर सेनगावजवळ. तिथं सोयाबीनची मळणी चालली होती. शेजारच्या गयामावशी आणि त्यांचे यजमान किसनकाका, दोघं मजुरीला होते. भुसकट उडत होतं, ऊन तिरपं झालेलं. काका काहीतरी बोलले आणि मावशी पदर घसरेपर्यंत हसल्या. मी बटण दाबलं.

परत येऊन बघते तर मावशी नुसत्या झळकत होत्या. आणि शेजारी काका — मळकं बनियन, अर्धवट उघडं तोंड, हातात खताची रिकामी गोणी. सगळा फोटो खाऊन टाकत होते हो! मी काकांना पुसलं. त्यांच्या जागी भुसकट भरलं. किती वेळ लागतो? चहा निवायच्या आत माणूस नाहीसा. वर नाव दिलं 'एकटीचं हसू' आणि फोटो मोबाईलवरून सगळीकडे टाकला. लोक हळहळले, वाखाणलं. कुणीतरी विचारलं, यात काही बदल केलाय का? मी लिहिलं — जसं दिसलं तसं.

हिवाळ्यात काका झोपेतच गेले.

मावशी गाड्या बदलत दुकानात आल्या. पुण्यानुमोदनाला ठेवायला काकांचा फोटो हवा होता, आणि आधार कार्डाशिवाय त्यांचा फोटोच नव्हता. म्हणाल्या, "पोरी, मळणीच्या दिवशी तू काढला व्हता की. हे माझ्या बाजूलाच व्हते. ह्यांच्याच बोलण्यावर मी हसले."

मूळ फोटो होता. समोरच्या कॉम्प्युटरमध्येच. पण दुकानात गिऱ्हाइकं बसलेली, भिंतीवर 'एकटीचं हसू' मोठा करून टांगलेला... तोंड उघडायला काय झालं होतं मला?

"न्हाई मावशी," मी म्हणाले, "काका फोटोत न्हवतेच."

मावशी भिंतीकडं बघत राहिल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं "व्हय का" म्हणाल्या.

मग मी आधार कार्डावरचा चेहरा मोठा केला, त्याला कोट चढवला — गेलेल्या माणसाला आमच्याकडे कोट चढवतातच. काकांनी जन्मात कोट घातला नव्हता. मावशींनी माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली आणि त्या गेल्या.

त्या गेल्यावर मी मूळ फोटो उघडला. काका मावशींकडं बघत होते — इतकं कौतुक त्या नजरेत! हे मला आधी दिसलं नव्हतं? दिसलं होतं. तरी पुसलं होतं. आणि आता तो फोटोच कायमचा उडवला. मी पकडली जाऊ नये म्हणून — दुसरं काही नाही.

पुण्यानुमोदनाला गेले. बुद्धमूर्तीशेजारी कोटातले काका, पुढं मेणबत्त्या. बायकांत कुणीतरी मळणीचा विषय काढला, काका कसे हसवायचे ते सांगायला लागली. मावशींनी तिला थांबवलं.

"त्या दिवशी हे न्हवते तिथं. मला आपलं वाटायचं, व्हते म्हणून. पर फोटोत न्हाईत ना. मी एकटीच हसून राहिले व्हते."

आणि माझ्याकडं बघितलं — बराबर ना, असं.

मी मान डोलावली.