ज्येष्ठतेनुसार डिरेक्टरी

"नई-नई शादी हुई है, साल भर में चली जाएगी. कन्फर्म करने से पहले सोच लेना."

पार्टिशनपलीकडे बत्रासर किशोरला सांगत होते. पार्टिशन प्लायचं, छतापर्यंत न पोचणारं. माझं प्रोबेशन संपायला महिना होता. मी प्रोग्रामर राहणार की डेटा एन्ट्रीला बसणार, हे कन्फर्म होण्यावर ठरायचं होतं. मी टाइप करत राहिले. कमी बोलणाऱ्याकडे असे किस्से आपोआप साठतात. ही इथेच बसलीय हे लोक विसरतात.

ऑफिस नॉयडातल्या एका अर्धवट मार्केटच्या दुसऱ्या मजल्यावर. तीन कॉम्प्युटर, तीन माणसं. बत्रासर मालक. किशोर सीनियर, करोलबागेत वाढलेला मराठी.

*

काम पास्कल या प्रोग्रामिंगच्या भाषेत चालायचं. त्यात एकदा तयार केलेला भाग, म्हणजे युनिट, पुन्हा वापरता येतो. फक्त तो कुठल्या डिरेक्टरीत, म्हणजे फाइलींच्या कप्प्यात आहे, ते कंपायलरला, आमचं लिहिलेलं मशीनच्या भाषेत नेणाऱ्या प्रोग्रामला, सांगावं लागतं. पहिल्याच दिवशी किशोरच्या मशीनवर 'फाइल नॉट फाउंड' आलं. त्याने शांतपणे ते युनिट आठ डिरेक्टरींत कॉपी केलं.

"कुठे ना कुठे मिळेलच ना यार त्याला, वहिनी."

माझ्या नवऱ्याला त्याने कधी पाहिलंही नव्हतं. तरी मी वहिनी.

*

सर जुनं काही डिलीट करू द्यायचे नाहीत. दिवाळीत त्यांनी आपल्या पहिल्या प्रोग्रामच्या फ्लॉपीला कुंकू लावलं. ती नंतर कुठल्याच मशीनवर वाचता आली नाही.

"श्रद्धा तो रही," सर म्हणाले.

*

कंपायलर दिलेल्या यादीतल्या डिरेक्टरी क्रमाने बघतो आणि युनिट सापडलं की तिथेच थांबतो. यादी सरांनी स्वतः टाइप केली. आधी त्यांची, मग किशोरची, शेवटी माझी.

"यही ऑर्डर क्यों, सर?"

"सीनियॉरिटी."

किशोर हळूच म्हणाला, "हजेरीचं रजिस्टरपण असंच आहे. बिल्कुल सेम."

*

मग एका शाळेचं प्रवेशाचं काम आलं. मुलाचं वय काढणारं सरांचं जुनं युनिट नुसतं सालातून साल वजा करायचं. मी त्याच नावाचं नवं लिहिलं, महिना आणि दिवस धरून, आणि माझ्या डिरेक्टरीत ठेवलं.

"डेमो ठीक गया, तो कन्फर्म," सर म्हणाले, आणि प्रोग्राम स्वतः कंपाइल करून घेऊन निघाले. आम्ही दोघं मागोमाग.

प्रिन्सिपल मॅडमनी आपल्याच नातीची जन्मतारीख घातली. डिसेंबरातली. आता फेब्रुवारी चालू होता. स्क्रीनवर आलं: वय तीन, नर्सरीसाठी पात्र.

"ये तो अभी सवा दो की भी नहीं है," मॅडम म्हणाल्या.

सरांनी माझ्याकडे हात केला. "नई लड़की ने लिखा है जी. सीख रही है."

किशोर स्वतःचे बूट बघू लागला.

"सर," मी म्हटलं, "मेरा लिखा तो अभी तक चला ही नहीं. लिस्ट में आपकी डिरेक्टरी पहले है, तो ये आपका वाला चल रहा है. मेरा चलाकर दिखाऊं?"