पाकीट पाठवा म्हणणारे आबा

आबांची नक्कल करायची तर आधी घसा मोकळा करून घ्यावा लागतो. सगळी उमर लूमच्या खडखडाटात गेलेल्या माणसाला हळू बोलताच येत नाही. सुरतेत नवागामच्या आमच्या खोलीत आम्ही सगळे खान्देशी, कापडाच्या एकाच कारखान्यातले. आबा सगळ्यांत मोठे, मी सगळ्यांत वात्रट. "मत गुप्त ठेवायचं असतं," हे ते मला एवढ्या जोरात सांगायचे, की पलीकडच्या गल्लीतला भजीवाला मान डोलवायचा. मी तेच त्यांच्या आवाजात परत म्हणायचो, सगळी खोली हसायची. आबाही हसायचे आणि चादर ओढून घेत म्हणायचे, "हास भो. तुले काय शे."

मत आमचं गावाकडे, दोंडाईच्याच्या पलीकडे. पोट सुरतेत. इलेक्शन आलं की आबांचं एकच सुरू: "पाकीट पाठवा." त्यांचा भाचा फौजेत होता आणि त्याचं मत टपालाने जायचं. हे कळल्यापासून आबांच्या डोक्यातून ते उतरलंच नाही. "भाचाले बंदूक सोडता येत नही, म्हणीसन पाकीट. मंग माले मशीन सोडता येस का?"

मी मुद्दाम खोडी काढायचो. "आबा, टपालात हरवलं तर?"

"मनीऑर्डर मायले पोचस ना? मंग मत कसं हरपी?"

"आणि खोलीत आठ पाकिटं आली, नि ज्याचा आवाज मोठा त्याने आठांवर शिक्के मारले तर? म्हणजे तुम्हीच."

"तेवढं खरं," म्हणाले. मग म्हणाले, "पन जीपमा काय येगळं होस?"

जीप म्हणजे उमेदवाराची. मतदानाच्या आदल्या दिवशी दोन्ही पार्ट्यांच्या जीपा नवागामच्या नाक्यावर उभ्या राहायच्या, सुरतेतली मतं गावाला न्यायला. मी बिनधास्त बसायचो. फुकटात घरी जाणं, वर चिवडा. पण कोण कुठल्या जीपमधून उतरलं, ते गाव पारावर बसून बघायचं. मत तिथेच फुटायचं. म्हणून आबा कधी जीपमध्ये बसले नाहीत. आपल्या खर्चाने पॅसेंजरला लटकून जायचे आणि दोन्ही पार्ट्यांच्या शिव्या खायचे.

एका इलेक्शनला ते शेठकडे रजा मागायला गेले. शेठ पान चघळत म्हणाला, "गाम जवुं होय तो जा. मशीन बंध नहि रहे." आबा गेले. मत दिलं, आईच्या पाया पडले, परत आले, तर त्यांच्या मशीनवर भेस्तानचा एक पोरगा उभा. शेठने तोंडही वर केलं नाही. पुढे कितीतरी दिवस आबा सकाळी डबा घेऊन कारखान्याच्या दारात बसायचे, कोणी आजारी पडलं तर बदलीवर लागायला. बऱ्याचदा भरलेला डबा तसाच घरी यायचा. तेव्हा मी नक्कल बंद ठेवली होती. हसायला कोणाच्यात जोरच नव्हता.

मी म्हटलं, "आबा, मतदार यादीतलं नाव इकडे करून घ्या ना. मतदानाची शाळा हाकेवर आहे."

"नाव काढं ते गाव माले पाव्हना म्हनी," ते म्हणाले.

पण पुढच्या इलेक्शनपर्यंत गुडघे गेले आणि पक्की मशीन मिळाली होती, ती परत घालवायची हिंमत नव्हती. गावातलं नाव काढून त्यांनी नवागामात घातलं. मतदानाच्या दिवशी शाळेत गेले आणि माझा चहा संपायच्या आत परत आले.

"कोणाला दिलं?" मी विचारलं.

"एक बी उमेदवार वळखीना नव्हता," म्हणाले. बोटावरच्या शाईकडे जरा वेळ बघितलं. "इतलं सोपं राहास का रे हाई?" आणि पाळीवर निघून गेले.

त्या वर्षी आखाजीच्या सणाला आम्ही दोघं गावाला सोबतच गेलो. ग्रामपंचायतीचं वारं होतं. आबांच्या भावाच्या ओट्यावर आम्ही बसलो असताना एक उमेदवार माणसं घेऊन आला. त्याने भावाला हात जोडले. वहिनींना जोडले. माझं नाव अजून गावच्याच यादीत, माझ्यासमोर तर वाकलाच; मला मनातल्या मनात हसू आलं. मग आबांसमोर आला. आबा सावरून बसले होते, टोपी नीट केली होती.

त्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याने प्रेमाने आबांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही चहा घ्या, आबा," म्हणाला, आणि पुढच्या घराकडे वळला.

आबांनी चहा घेतला.