तिखटाच्या डब्यातलं शिलाई मशीन

आमच्या घरची तिजोरी स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे. पगार झाला की मी तो रोख काढून आणते आणि ज्याचे पैसे त्याच्या डब्यात घालते, चहाचे चहात, ज्वारीचे ज्वारीत. एका डब्यातली नोट दुसऱ्यात जात नाही, मग घरी मंत्री का जेवायला येईना. नव्या पेठेतला दुकानदार तर नोट नुसती हुंगून विचारतो, "वैनी, आज चहा का?"

उरलेसुरले पैसे माझ्या शिलाई मशीनसाठी. ते मी तिखटाच्या डब्यात तसेच पुरते, पिशवीबिशवी काही नाही.

मध्यंतरी आमच्या ह्यांना मोठ्या टीव्हीचं वेड लागलं. मशीनचे पैसे मागत होते, मी देत नव्हते. एका दुपारी मी जरा आडवी झाले, तेवढ्यात आतून अशी शिंक आली की पत्र्यावरची कबुतरं उडाली ती थेट पलीकडच्या मंद्रूप गावाला जाऊन बसली. धावत गेले, तर हे डोळे चोळत उभे आणि मुठीत माझ्या नोटा.

"अगं, पाणी दे की!"

"देते. आधी नोटा ठेवा."

ठेवल्या. तोंड धुतल्यावर मात्र चिडले. "आता सगळा हिशेब फोनवर. डबे बंद!"

"लई चांगलं. तुमचा फोन चोर पकडतो का, तेवढं विचारून घ्या."

मशीन आता खिडकीशी आहे. त्यावर पहिलं मी टीव्हीचं कव्हर शिवलं. टीव्ही अजून यायचाय. त्याचे पैसे ह्यांनी खुशाल साठवावेत, पण तिखटाच्याच डब्यात.