शेळके सरांचं कृष्णविवर

स्टाफरूममध्ये किस्से साठवावे लागत नाहीत, टाकीत गाळ साचावा तसे ते साचतात. भोकरदनच्या आमच्या कॉलेजातला निम्मा गाळ शेळके सरांचा. ते फिजिक्स शिकवतात, मी केमिस्ट्री. मला नाही म्हणता येत नाही, म्हणून गावोगावच्या त्यांच्या व्याख्यानांना मी सोबत जातो. विषय एकच: कृष्णविवराजवळून सुटणारे झोत आणि त्यांचा ध्रुवित प्रकाश. रिटायर व्हायच्या आत एका तरी माणसाला हे कळावं, एवढीच त्यांची इच्छा. तिच्यापायी माझे रविवार गेले.

*

प्रयोगाला पोलरॉइड फिल्म हवी होती, एकाच दिशेनं थरथरणारा प्रकाश आरपार सोडणारी. सरांनी भंगारातल्या मॉनिटरची सोलून काढली. तो भंगारातला नव्हता, प्राचार्यांचा होता! स्क्रीन पांढरीफटक. सर शांतपणे म्हणाले, "खराब न्हाई झाला. फिल्म डोळ्याला लावा, सगळं बराबर दिसतं."

नवा मॉनिटर येईपर्यंत प्राचार्य एका हाताने फिल्म धरूनच काम करत होते.

*

आष्टीला सरांनी फिल्म फिरवून दाखवली. प्रकाशाची लहर कोणत्या दिशेनं थरथरते ते पाहिलं, की तिथलं चुंबकीय क्षेत्र कसं वळलंय ते कळतं, आणि झोत बाहेर फेकण्यात त्याच क्षेत्राचा हात असतो, असं सांगितलं. एक काका उठले. बोअरला पाणी कुठं लागेल, विचारू लागले. ते यातून कळत नाही, असं सर म्हणाले.

"मंग एवढ्या लांबचं कसं सांगून राह्यले?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे.

*

वाटूरला सत्कारातच वेळ संपला. शाल मिळाली, नारळ मिळाला, बोलायला पाच मिनिटं मिळाली. बसही गेली. थांब्यावर सरांनी कृष्णविवराचं नावही काढलं नाही. मला पहिल्यांदाच त्यांची काळजी वाटली.

*

रिटायरमेंटच्या आधीचं शेवटचं व्याख्यान झालं त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी चहाला थांबलो. सरांनी आल्या आल्या पिशवी कोपऱ्यात भिरकावली. "कुणालाच कळलं न्हाई," म्हणाले.

वहिनी मेथी निवडत होत्या. "मला कळलंय की."

सरांनी कप खाली ठेवला. काय कळलं, म्हणून विचारलं.

"कृष्णविवर काही बोलत न्हाई. त्याच्याजवळून जे भिरकावलं जातं, ते नीट बघायचं. मंग न दिसणारं काय चाललंय ते समजतं." त्यांनी एक काडी बाजूला टाकली. "लग्न झाल्यापासून तेच करून राह्यले मी, भाऊजी."

सर उठले आणि पिशवी खुंटीला अडकवून आले.