अमेरिकावाल्या मॅडमची गाडी

मित्रांनो, आज सकाळी कुडव्याच्या चौकात वर्षा मॅडम ऑटोची वाट पाहत उभ्या दिसल्या. शिक्षक देवाणघेवाण कार्यक्रमात निवड होऊन त्या अमेरिकेला शिकवायला जाणार, म्हणून त्यांचा सत्कार मीच घडवून आणला होता. "खर्चाला घाबरणारा समाज पुढे जात नाही," असं तेव्हा माईकवरून गर्जलोही होतो.

"तुमची गाडी कुठे आहे?" मी विचारलं.

"विकली सर. तिकडे पाठवणाऱ्या एजन्सीच्या फीचा पहिला हप्ता भरला. अजून व्हिसा, विमा, तिकीट, तिथलं घरभाडं, सगळं आपलंच आहे."

"मग आधी काऊन नाही बोललात?"

"खर्च पाहून मी नाहीच म्हणणार होती. तेवढ्यात तुम्ही शाल घातली. आता सारे अमेरिकावाली मॅडम म्हणून राहिले. भाषणातून तिकीट निघते का सर?"

टाळ्या मी घेतल्या आणि हप्ते त्या भरत आहेत.

पुढच्या हप्त्याआधी त्यांना मोकळेपणाने नाही म्हणता यावं, म्हणून त्यांना विचारूनच हे लिहितो आहे. त्या भेटल्या तर "कधी निघता?" असं विचारू नका. "जायचं आहे का?" असं विचारा. मी तेवढंही विचारलं नव्हतं.